पांदणीनं लातूरला, येळवशीच्या दिवशी

आमच्या नांदेडच्या घरी एक ट्रेडमिल आहे. गेली चार वर्षं तिच्यावर टॉवेल वाळतात. मी माझ्या पगारातून बॅटरीवर चालणारी डोंगरी सायकल आणली, तेव्हा बाबांनी खोक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "चला, चादरींची सोय झाली."

मी उत्तर दिलं नाही. मी सहसा देत नाही. घरी बसून एका कंपनीचं काम करते, त्यामुळे दिवस दिवस बोलावं लागत नाही. रिक्षावाल्याला "इथं थांबवा" म्हणायला तोंड उघडेना म्हणून दोन चौक पुढे उतरून चालत मागे आलेली मी मुलगी. ज्यांनी हे केलंय त्यांना बाकीचं सांगायची गरज नाही.

पहिले पंधरा दिवस सायकल खरंच खाली पार्किंगमध्ये उभी होती. मग पुण्याहून माझ्या चुलतभावाचा, दादाचा, फोन आला. "काका, ती नुसतीच उभी राहणार असेल तर मला द्या. इकडं टेकड्या आहेत." बाबांना ते पटल्याचं मला त्यांच्या "हं" वरून कळलं. आणि त्या दिवशी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तिच्यावरनं लातूरला जाणार आहे. हायवेनं नाही, शेतातनं."

लातूरच का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. बारावीनंतर दोन वर्षं मी लातूरला होते. मेडिकलच्या क्लाससाठी. खोली, क्लास, मेस, पुन्हा खोली. नंबर लागला नाही. सामान टेम्पोत टाकलं, बाबांच्या शेजारी बसून परत आले. त्यानंतर त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं.

बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. "एकटी?"

"हो."

"ठीक आहे. पण वाटेतून एकदा जरी 'बाबा, घ्यायला या' म्हणून फोन आला, तर सायकल टेम्पोत चढेल ती थेट पुण्याला उतरेल."

"हे काय बोलणं झालं?" आई म्हणाली. पण अट ठरून गेली होती. आईनं मग तिची अट घातली, की रोज मुक्कामाला ओळखीचं घर पाहिजे. अशा दोन अटी आणि एक सायकल घेऊन मी शिकायला सुरुवात केली.

विष्णुपुरी

ज्यांनी अशी सायकल चालवलेली नाही त्यांना सांगते, ती स्कूटर नाही. नुसतं बसून ती हलत नाही. आपण पायडल मारलं की मोटर आपल्या पायाला जोर देते, तोही आपण सांगू तितकाच. हँडलवर तीन बटणं असतात. ‘इको’ म्हणजे पाठीवर हात, ‘ट्रेल’ म्हणजे ढकलणं, आणि ‘टर्बो’ म्हणजे धक्का.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विष्णुपुरीच्या धरणामागे, इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूला मुरमाचे चढ आहेत, तिथल्या पहिल्याच चढावर मी उभ्याउभ्या टर्बो लावला आणि जोरात पाय मारला. पुढचं चाक हवेत गेलं. मी घाणेरीच्या झुडपात बसले, आणि सायकल दोन हात पुढे जाऊन आडवी झाली. कठड्यावर चहा पीत बसलेल्या पोरांतला एक ओरडला, "ओ मॅडम, गाडी तुम्हारे बगैर जा रई!"

दुसऱ्या दिवसापासून मी पोरं उठायच्या आधी जायला लागले. त्यानं माझा फायदाच झाला. सकाळी सहाला जलाशयावर धुकं असतं, काठाला बगळे असतात, आणि पडणाऱ्या माणसाला बघायला कुणी नसतं. महिनाभरात कळत गेलं. चढ दिसला की चढाच्या आधी गिअर हलका करायचा, चढावर मध्येच करायला गेलं की साखळी कडकडते. अंग पुढे झुकवायचं. उतारावर ढुंगण सीटच्या मागे आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे. टायरमधली हवा जराशी कमी ठेवायची म्हणजे खडी टोचत नाही. आणि आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाभळीचा काटा. त्याच्यावर इलाज म्हणून टायरच्या आत एक दुधासारखं औषध भरतात, काटा उपसला की भोक आपोआप बुजतं. पहिला काटा उपसून ते बुजताना बघितलं तेव्हा मी एकटीच असूनही टाळी वाजवली.

सराव नसलेली गोष्ट एकच राहिली. माणसं. सायकल बघितली की प्रत्येक जण तीन प्रश्न विचारतो, आणि त्याच क्रमानं. किती पळती? चार्जिंगला किती वेळ? केवढ्याला पडली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी घोटून ठेवली होती. तिसऱ्याला हसायचं आणि पायडल मारायचं.

लोह्याची काळी माती

डिसेंबरच्या एका सकाळी निघाले. पाठीवर बॅग, बॅगेत दोन कपडे, चार्जर, हवेचा पंप आणि आईनं दिलेल्या इतक्या धपाट्या, की बॅगेचं तोंड लागेना.

पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. गाडीच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडलेल्या, मधे गवताचा उंचवटा, कडेनं बाभळी. फोनच्या नकाशात तिचं नाव नसतं, पुसटशी रेघ असते. या रेघांवर रेघा जोडत मी महिनाभर वाट आखली होती. एका बाजूला कणसं धरू लागलेली ज्वारी, माझ्यापेक्षा उंच. दुसऱ्या बाजूला हरभरा, गुडघ्याच्याही खाली. चाकोरीतून जाताना एक डोळा झाकावा तसं जग अर्धं बंद आणि अर्धं उघडं.

दुपारी एका ठिकाणी उसाला सोडलेलं पाणी फुटून वाटेवर आलं होतं. पाच पावलांचं तर होतं. मला वाटलं, टर्बो. मराठवाड्यात वाढलेल्या माणसानं ही चूक करू नये, पण मी डांबरावर वाढलेली. काळी माती चाकाला धरत नाही, चाकाला खाते. दोन फेऱ्यांत टायर उशीएवढं जाड झालं, चाक चिमट्यात अडकलं आणि सायकल जागेवर थांबली, उभीच्या उभी. पडायचीही सोय नव्हती.

शेजारच्या शेतातून एक आजोबा विळा घेऊन आले. मला न विचारता चाकापाशी उकिडवे बसले.

"बोटानं उपसू नगा. सुकू द्या वाईच, मंग काडीनं काडा. वल्ली असंल तवर तिच्याशी भांडन न्हाई करायचं."

आम्ही दोघं बांधावर बसून चिखल सुकायची वाट बघत राहिलो. अर्ध्या तासात ते एकदाच बोलले, "किती पळती?" माझ्यासारख्या माणसाला याहून चांगली सोबत मिळाली नसती. मी त्यांना धपाटी दिली. चिखल सुकल्यावर आख्खी ढेकळं निघून आली. संध्याकाळी लोह्याला आईच्या मामेभावाकडे पोचले तेव्हा बॅटरी बऱ्यापैकी शिल्लक होती, आणि एका पायात बूट होता की ढेकूळ ते कळत नव्हतं.

अहमदपूरचा चढ

दुसरा दिवस माझा होता. त्याचं वर्णन मी थोडक्यात करणार आहे, कारण सुखाचे दिवस लांबवून सांगितले की ऐकणारा जांभई देतो.

लिंबोटीच्या धरणाचं पाणी उजवीकडे ठेवून निघाले. पुढे बालाघाटचे डोंगर सुरू होतात. डोंगर म्हणजे सह्याद्रीवाल्यांनी हसावं इतकेच, पण चाकाखाली आले की सगळे डोंगर सारखे. सागाची वाळलेली पानं वाजत होती. एक लांब, वाकडा, सुट्या खडीचा चढ समोर आला. मी थांबले. गिअर हलका केला, ‘ट्रेल’ लावला, झुकले. मधे एकदा मागचं चाक घसरलं, मी ताकद कमी केली, चाकानं पुन्हा जमीन धरली. वर पोचले तेव्हा पाय जमिनीला एकदाही लागला नव्हता. वर शेळ्या होत्या, आणि शेळ्या वळणाऱ्या एक बाई. त्यांनी मला बघितलं, चढाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "दमली न्हाईस का गं?"

"नाही," मी म्हणाले. एक शब्दच, पण मी तो मोठ्यानं म्हणाले.

मुक्काम अहमदपूरला सुनंदामावशीकडे. ही आईची शाळेतली मैत्रीण, नांदेडचीच, बदलीनं तिथे शिक्षिका. तिनं जेवताना सांगितलं, "उद्या येळवस आहे गं, आम्हाला सुट्टी. आपल्याकडे शहरात नसतं, पण इकडे लई मोठं. वेळ अमावस्या. गावंच्या गावं शेतात असतात दिवसभर."

मला आतून आनंद झाला. म्हणजे उद्या गावं रिकामी. कट्ट्यावर कुणी नाही, तीन प्रश्न नाहीत. गावातून बघणाऱ्या डोळ्यांशिवाय जायचं, याहून मोठी सुट्टी मला माहीत नव्हती. रिकाम्या गावात आणखी काय काय नसतं, हा विचार मला शिवलाही नाही.

सकाळी सायकलला बॅटरी बसवली. चार्जिंगचा आकडा अडतीस टक्के. चार्जर तर मी स्वतः लावला होता. मग आठवलं. झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरायची सवय मावशीलाही आहे, आमच्या आईसारखीच. तिला सांगितलं असतं तर तिनं कपाळावर हात मारून मला दुपारपर्यंत थांबवून घेतलं असतं. तिला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर, काहीतरी तोंडानं मागावं लागलं असतं म्हणून सांगितलं नाही. साठ किलोमीटर होते. मला वाटलं, वाटेत गावं आहेतच की.

येळवस

त्या सकाळी वाटेवरचं सगळं जग माझ्या उलट दिशेनं, गावातून शेतात चाललेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका, त्यांच्या मांडीवर फडक्यानं झाकलेल्या पाट्या. बैलांच्या शिंगांना गोंडे. मोटरसायकलवर एका माणसाच्या दोन्ही हातांत दोन मडकी, आणि गाडी चालवणारा त्याच्यावर ओरडतोय, "हिंदकळू देऊ नगंस, आंबील हाय ती, पानी न्हाई!" प्रत्येक शेतात कडब्याच्या पेंढ्या टेकवून केलेली एक छोटी खोप होती, तिला ते कोपी म्हणतात. आणि प्रत्येक कोपीतून हाक येत होती.

"ओ ताई, या जेवाया!"

"आगं ये की, उनात कुठं चाललीस?"

मी हसून मान हलवत होते आणि पुढे जात होते. मोजत होते मी. अकरा हाका झाल्या.

चाकूर मागे पडल्यावर तीन गोष्टी एकामागे एक घडल्या. वारा समोरून आला. मग पुन्हा उसाचं पाणी, लांबच लांब. मी शहाणपणानं उतरून कडेकडेनं सायकल ढकलली, पण ढकलायलाही मोटरची मदत घ्यावी लागली. आणि त्यातून बाहेर येऊन आकडा बघितला तर नऊ.

पहिल्या गावात शिरले. दाराला कुलूप. शेजारच्या दाराला कुलूप. किराणा दुकान बंद, पिठाची गिरणी बंद, ग्रामपंचायत बंद, शाळा बंद. मारुतीचं देऊळ उघडं होतं पण विजेच्या बोर्डाच्या पेटीला कुलूप. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं मान उचलून बघितलं आणि पुन्हा टाकली. आख्खं गाव मला हवं होतं तसं होतं. बघायला एक डोळा नव्हता.

मोटर बंद करून गावाबाहेर निघाले. बॅटरीची सायकल बिनबॅटरीनं चालवणं म्हणजे कुणाला तरी पाठुंगळी घेऊन चालणं. दोन किलोमीटरमध्ये मांड्यांत गोळे आले. साडेबारा वाजले होते. लातूर अजून अठ्ठावीस किलोमीटर. हायवे आठ किलोमीटर मागे. डिसेंबरचा सूर्य सहाच्या आत जातो. मी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत थांबले आणि फोन काढला. सगळ्यात वर बाबांचं नाव. अंगठा त्याच्यावर नेला. नुसते तीन शब्द होते. सायकल पुण्याला गेली असती. दादानं तिला टेकडीवर नेलं असतं, माझ्यापेक्षा चांगली चालवली असती. आणि लातूरहून मी पुन्हा एकदा बाबांच्या शेजारी टेम्पोत बसून परत आले असते.

"ए लेकरा! कामून उन्हात उभी?"

बांधापलीकडे कोपी होती. बाहेर पन्नाशीच्या एक काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या मागे त्यांचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, आणि माझ्याच वयाची सून, अश्विनी.

बारावी हाक. मी मान हलवणार होते. पण फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "काकू, प्लग मिळेल का कुठे?"

"काय मिळंल?"

"प्लग. बोर्ड. सायकल चार्ज करायचीय."

नाना हसायला लागले. "शेतातली लाईट ह्या हप्त्यात रातची हाय. दिवसा ती तार निस्ती पाखरं बसाया." शेतीच्या पंपाला तिकडे एक आठवडा दिवसा वीज मिळते आणि एक आठवडा रात्री, हे मला तेव्हा कळलं. "गावात हाय की लाईट."

"गावात कुणी नाही."

"आज कोन असंल माय गावात?" काकू म्हणाल्या. "आज येळवस."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझे बूट, माझं हेल्मेट, सायकल. मग कमरेच्या पिशवीत हात घालून एक किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"पाराच्या मागं निळं दार. आत डाव्या हाताला टीव्हीचा बोर्ड हाय. टीव्हीची पिन काड न् तुझी लाव."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. "अहो, पण तुम्ही मला ओळखतही नाही."

"तू वळखतीस का मला? तरी मागितलंसच की."

"कुलूप दाबून फिरवा," नाना म्हणाले. "न्हाईतर दात धरत न्हाई ते."

"आणि किल्ली?"

"आनून दे. तवर पान वाढती." काकू वळल्यासुद्धा होत्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मला जेवायला बसवायची याहून पक्की युक्ती नव्हती. नुसतं ‘ये’ म्हटलं असतं तर मी मान हलवली असती. माझ्यासारखी माणसं त्यांनी आधीही बघितली असणार.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे एका घराची किल्ली मागेल त्याला मिळते.

कुलूप दाबून फिरवलं. आत सारवलेल्या जमिनीचा थंड वास होता. सोयाबीनची दोन पोती, आरसा, आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या, पालथी घातलेली कपबशी. मी टीव्हीची पिन काढली, चार्जर लावला, हिरवा दिवा लुकलुकला. मला वाटलं होतं मी तिथंच बसून राहीन, कुणाशी बोलावं लागणार नाही. पण ज्यांचं घर ते बाहेर आणि मी आत, हे मला जमेना. आमच्या फ्लॅटला दाराला भिंगाचं भोक आहे. बेल वाजली की मी त्यातून बघते, आणि बहुतेक वेळा दार न उघडताच म्हणते, बाहेर ठेवा. इथे तर दारच माझ्या मुठीत होतं. बॅटरी तिथं ठेवली, कुलूप लावलं, आणि रिकामी सायकल रेटत शेतात परत आले.

कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले होते, त्यांना हळदकुंकू, समोर मडकं. पळसाच्या पानावर काकू वाढत होत्या. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याची पानं, तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, शेतात त्या दिवसांत जे जे हिरवं आहे ते सगळं एकत्र शिजवलेलं, बेसन लावून घट्ट केलेलं. सोबत सजगुऱ्याचे उंडे. सजगुरा म्हणजे आपली बाजरी. तिच्या पिठाचे वाफवलेले मुठीएवढे गोळे. आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, लसूण-आल्याची, मडक्यामुळे गार. मी दोन घोट घेतले आणि मांड्यांतले गोळे सुटले.

"बुकातल्यावानी बोलती गं ही," काकू अश्विनीला म्हणाल्या. "पर खाती आपल्यावानी."

खाताना मला लातूरची एक दुपार आठवली. क्लासच्या दुसऱ्या वर्षी डिसेंबरात एक दिवस मेस बंद होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आदल्या दिवशी मेसच्या काकू म्हणाल्या होत्या, "चल की उद्या आमच्याबरोबर शेतात. अभ्यास काय पळून जातो का?" मी म्हणाले होते, टेस्ट आहे. टेस्ट नव्हती. मी खोलीत बसून बिस्किटं खाल्ली आणि वाटलं, या गावात माझं कुणीच नाही. तो हाच दिवस होता. आख्खा जिल्हा शेतात पानं वाढून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होता, आणि मी दार लावून बसले होते.

जेवण झाल्यावर नानांनी मडकं माझ्या हातात दिलं. ते एका डहाळीनं आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी घालत होते आणि मोठ्यानं काहीतरी म्हणत होते, कानडी वळणाचं.

"याचा अर्थ काय, नाना?"

"कुनाला म्हाईत? पर जोरात म्हनलं की पीक चांगलं येतं." मग माझ्याकडे बघून, "म्हना की जोरात."

मी म्हणाले. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्या वेळी शेजारच्या शेतातून कुणीतरी ओ दिली.

अडीच-पावणेतीनला अश्विनीसोबत बॅटरी आणायला गेले. आकडा चौसष्ट. ‘इको’त लातूर सहज. शेतात परत येऊन बॅटरी बसवत होते तर अश्विनी सायकलच्या सीटवरून हात फिरवत होती.

"चालवता येते?" मी विचारलं.

"शाळेत असताना चालवायची. लगीन झाल्यापासून न्हाई."

मी सीट खाली घेतली. "आधी गिअर, मग चढ. झुकून बस. आणि हे तिसरं बटण दाबू नकोस, ते उडवतं." मला माझाच आवाज ऐकू येत होता, सलग तीन वाक्यं. अश्विनीनं पदर खोचला, पायडल मारलं, मोटरनं तिच्या पायाला जोर दिला आणि तिनं जी आरोळी ठोकली ती आंबिलीच्या आरोळीपेक्षा मोठी होती. मी मागून पळत होते. पांदणीच्या टोकाला काकू उभ्या.

"पड की आता! पडायचं तर बांधावर पड, हरभऱ्यात नगं!"

ती पडली नाही. वळवताना तिनं तिसरं बटण दाबलंच, पुढचं चाक उचललं गेलं, आणि तिनं ते खाली आणलं. मला महिना लागला होता ते करायला.

किल्ली काकूंच्या हातात परत दिली. त्यांनी ती न बघताच पिशवीत टाकली.

लातूर

शेवटचे अठ्ठावीस किलोमीटर मी उडत गेले. ऊन तिरकं झालं, ज्वारीची कणसं पेटल्यासारखी दिसायला लागली. शेताशेतांतून माणसं गाठोडी बांधत होती आणि हाका मारत होती, आणि मी दर वेळी ओरडून सांगत होते, "जेवले! जेवून आले!"

डाळ मिलांच्या बाजूनं शहरात शिरले. तुरीच्या टरफलांचा वास आधी भेटला, मग चौकातले क्लासचे बोर्ड. त्यांच्यावर यंदाच्या मुलांचे फोटो आणि मार्क. दोन वर्षं मी या बोर्डांखालून मान खाली घालून चालले होते. त्या दिवशी सिग्नलला थांबून मी एकेक चेहरा बघितला. सगळे दमलेले दिसत होते.

जुन्या गल्लीत मेसच्या काकू नुकत्याच शेतातून आल्या होत्या, रिक्षातून भांडी उतरवत होत्या. कपाळावर विभूतीची तीन बोटं, तशीच. मी सायकल उभी केली. चिखल, घाम, हेल्मेट. त्यांनी ओळखायचं काही कारण नव्हतं.

"काकू, सायकलीला प्लग मिळेल का?"

त्यांनी डोळे बारीक केले. "मानसी का गं? तीच ना, दोन वर्षांत दुसरी चपाती न मागितलेली?"

"हो, तीच."

"आन् आता प्लग मागाया आलीस व्हय? नांदेडहून?"

"प्लग," मी म्हणाले, "आणि भज्जी उरली असेल तर ती पण."

काकूंनी रिक्षातलं पातेलं माझ्या हातात दिलं आणि दार ढकललं.

सायकल व्हरांड्यात चार्जिंगला लागली होती आणि माझ्यापुढे दुसरं ताट होतं, तेव्हा बाबांचा फोन आला. तीन दिवसांत त्यांनी केलेला पहिलाच.

"पोचलीस?"

"पोचले."

"बरं. दमली असशील. उद्या येऊ का घ्यायला? अट संपली म्हणायची. मी आपणहून विचारतोय."

"नको बाबा. परवा निघते. येताना त्याच वाटेनं येईन, एका ठिकाणी थांबायचंय."

पलीकडे आई काहीतरी विचारत होती, बाबा तिला "जेवतेय ती" म्हणाले. मग पुन्हा माझ्याशी.

"दुपारी पुण्याहून दादाचा फोन होता. सायकलचं काय ठरलं, विचारत होता."

माझा घास हातातच राहिला. "मग? काय सांगितलं?"

"म्हटलं, सायकल घरी नसते."